कारणाचा रकाना

१९६२ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात टिमी जीन लिंडसे नावाची एक बाई छातीवरचं गोंदण काढून घ्यायला जेफरसन डेव्हिस रुग्णालयात गेली. सहा मुलांची आई, परिस्थिती बेताची. तिथल्या डॉक्टरांनी तिला विचारलं, आम्ही एक नवीन वस्तू तयार केली आहे, ती तुझ्या छातीत बसवून घेशील का? थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो ही त्या सर्जनांची नावं. रक्ताने भरलेली पिशवी हातात दाबून पाहताना जेरोला ही कल्पना सुचली असं सांगतात. आधी एस्मेराल्डा नावाच्या कुत्रीवर प्रयोग झाला होता. बाईची स्वतःच्या छातीबद्दल काही तक्रार नव्हती. तिला खटकायचे ते तिचे पुढे आलेले कान. डॉक्टरांनी कानही नीट करून द्यायचं कबूल केलं, आणि सिलिकॉन जेलचं जगातलं पहिलं इम्प्लांट तिच्या अंगात गेलं.

या बाईचा मी अलीकडे फार विचार करते. ऐंशी वर्षांची झाली तेव्हाही ती इम्प्लांट तिच्या छातीत होती, म्हणजे तिच्या गोष्टीतून भीतीच घ्यावी असं नाही. मी अडखळते ती वेगळ्याच जागी. वस्तू आत घालताना 'कशासाठी?' या प्रश्नाचं उत्तर कुणालाच लागलं नाही. बाईने हो म्हटलं, तेवढं पुरलं. माझं इम्प्लांट काढायचं ठरलं तेव्हा रुग्णालयात विम्याचा जो फॉर्म पुढे आला, त्यात शस्त्रक्रियेचं कारण लिहायला एक रकाना होता. तो भरताना माझे सर्जन, विम्याच्या टेबलावरची मुलगी आणि मी, असे तिघेही अडलो.

माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली तेव्हा मी चाळिशी नुकतीच ओलांडली होती. स्तन काढावा लागणार हे कळल्यापासून ऑपरेशनपर्यंत स्कॅन, बायोप्सीचे रिपोर्ट, नातेवाइकांचे फोन आणि मुलीची परीक्षा यांत दिवस कधी उगवला आणि मावळला ते कळत नव्हतं. त्या धबडग्यातच इम्प्लांटचं ठरून गेलं. सर्जननी नीट समजावलं होतं. पोटावरची त्वचा आणि चरबी घेऊन स्तन घडवायचा तर ऑपरेशन लांबतं, पोटावरही मोठी जखम होते. सिलिकॉन बसवलं तर एकाच भुलीत काम होतं. मी सिलिकॉन निवडलं, आणि त्या निर्णयाबद्दल माझ्या मनात आजही खंत नाही. केमोथेरपीत केस गेले, भुवया गेल्या, भाताचीसुद्धा चव लागेना. अशा दिवसांत साडी नेसून आरशापुढे उभं राहिल्यावर दोन्ही बाजू सारख्या दिसायच्या, याचा मला आधार होता. तो आधार खरा होता. ज्या बाईला तो हवा आहे तिने तो घ्यावा, आणि कुणी तिला शहाणपण शिकवायला जाऊ नये.

ती वस्तू अंगात घेऊन राहणं कसं असतं, ते मात्र राहूनच कळतं. डिसेंबरात पहाटे जाग आली की डावी बाजू गार लागायची, कारण सिलिकॉनला अंगाची ऊब धरायला वेळ लागतो. इम्प्लांट स्नायूखाली होतं, त्यामुळे कणीक मळताना छातीचा स्नायू आवळला की तो उंचवटा बगलेकडे सरकायचा. वरच्या त्वचेला स्पर्श कळत नव्हता. बसच्या गर्दीत कुणाचं कोपर लागलं तर ते मला समोरच्याच्या ओशाळ्या चेहऱ्यावरून कळायचं. मग उजवीकडे कूस करून झोपायची सवय झाली, पिशवी उजव्या खांद्यावर गेली, आणि डावा हात वरच्या फळीवरच्या डब्यापर्यंत पोचेनासा झाला.

बाहेरची वस्तू आत आली आणि ती बाहेर टाकता आली नाही की शरीर तिच्याभोवती तंतूंचं आवरण विणतं. डॉक्टर त्याला कॅप्सूल म्हणतात. पेसमेकरभोवतीही ते होतं, आणि ते होणं हा काही आजार नाही. बहुतेकींचं आवरण पातळ आणि मऊ राहतं. काहींचं जाड होतं, आवळत जातं, आतलं इम्प्लांट दाबलं जातं, छाती कडक होते आणि दुखू लागते. बेकर नावाच्या सर्जनने ठरवून दिलेल्या चार पायऱ्यांवर हा कडकपणा मोजतात. रेडिएशन घेतलेल्या बायकांमध्ये त्याचं प्रमाण जास्त असतं, आणि मी रेडिएशन घेतलं होतं. तपासणीच्या वेळी डॉक्टर कधी दुसरी पायरी म्हणायचे, कधी दुसरी आणि तिसरीच्या मध्ये. दुखणं रोजचं होतं, पण अगदी कळवळण्याइतकंही नव्हतं.

अशात २०१९च्या जुलैमधली बातमी माझ्या वाचनात आली. अ‍ॅलरगन कंपनीने आपली बायोसेल नावाच्या खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली होती. त्यामागे एक विरळ लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर, होता. हा स्तनाचा कॅन्सर नसतो; इम्प्लांटभोवतीच्या त्या आवरणात किंवा तिथे साचलेल्या द्रवात तो वाढतो. इम्प्लांट बसवून बरीच वर्षं, सरासरी आठ-दहा वर्षं उलटून गेल्यावर एक बाजू अचानक सुजते, ही त्याची नेहमीची खूण. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २०११मध्ये त्याबद्दल पहिल्यांदा सावध केलं होतं. २०१६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची वेगळा आजार म्हणून दखल घेतली. २०१९पर्यंत जगभरातल्या ५७३ रुग्णांची आणि ३३ मृत्यूंची नोंद एफडीएपाशी जमली होती, आणि त्यांतली बहुसंख्य इम्प्लांट याच कंपनीची होती. वेळेवर कळलं तर इम्प्लांट आणि आवरण दोन्ही काढून टाकल्यावर बहुतेक रुग्ण बऱ्या होतात.

एफडीएच्या त्याच निवेदनात आणखी एक सूचना होती: लक्षणं नसतील तर ही इम्प्लांट काढून घेण्याची शिफारस आम्ही करत नाही. त्या सूचनेत तर्क होता. धोका खरोखर लहान आहे, आणि काढण्याच्या ऑपरेशनलाही भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग यांचे धोके आहेतच. पण ज्या बाईच्या अंगात ती वस्तू आहे तिच्या वाट्याला काय आलं? कंपनीने कपाटातला माल उचलून नेला, आणि या बाईला सांगितलं की सूज येते का ते बघत राहा. त्या दिवसापासून मीही अंघोळीच्या वेळी दोन्ही बाजू हाताने चाचपून पाहू लागले.

खरं तर माझं इम्प्लांट त्या यादीत नव्हतं. कपाटातली जुनी फाइल काढली, तर डिस्चार्ज कार्डाच्या मागे ऑपरेशन थिएटरमधलं चिकट लेबल लावलेलं सापडलं. त्यावर आकार होता, लॉट नंबर होता आणि 'टेक्स्चर्ड' असं छापलेलं होतं. कंपनी दुसरी होती. पृष्ठभाग खरखरीत ठेवण्यामागे हेतू चांगला असतो. आसपासचे तंतू त्याला धरून ठेवतात, इम्प्लांट आत फिरत नाही, आवरणाचा कडकपणाही कमी होईल अशी अपेक्षा असते. त्या खरखरीतपणाचाच या लिम्फोमाशी संबंध दिसतो, हे पुढे कळलं. नेदरलँड्समध्ये २०१५पासून इम्प्लांटची राष्ट्रीय नोंदवही आहे. कुठल्या बाईच्या अंगात कुठल्या लॉटची वस्तू आहे ते तिथे शोधता येतं. माझ्याकडे मात्र फक्त ते लेबल होतं, आणि ते फाइलमधून गळून पडलं नाही हे माझं नशीब.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले, आणि वाचता वाचता एक गोष्ट मनात रुतून बसली. सिलिकॉनची इम्प्लांट अमेरिकेत साठच्या दशकापासून विकली जात होती. वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण आणणारा कायदा तिथे आला १९७६मध्ये. आधीपासून बाजारात असलेल्या इम्प्लांटना तेव्हा तशीच मुभा मिळाली. ती सुरक्षित आहेत याचे पुरावे कंपन्यांकडे खऱ्या अर्थाने मागितले गेले ते १९९१मध्ये, आणि ते पुरेसे नाहीत म्हणून १९९२मध्ये एफडीएचे आयुक्त डेव्हिड केसलर यांनी त्यांच्या सर्रास वापरावर बंदी आणली. कॅन्सरनंतर स्तन पुन्हा घडवून घेणाऱ्या बायकांपुरती वाट मोकळी ठेवली. त्यानंतर हजारो बायका कोर्टात गेल्या, आणि इम्प्लांट बनवणाऱ्या डाऊ कॉर्निंग कंपनीने १९९५मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. १९९९मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सगळा उपलब्ध पुरावा तपासला आणि सांगितलं की सिलिकॉनमुळे संधिवातासारखे सर्वांगाचे आजार होतात असं दिसत नाही. त्या जागी होणारे त्रास, म्हणजे फुटणं, कडक होणं, पुन्हा ऑपरेशन करावं लागणं, हे मात्र वारंवार होतात. २००६मध्ये ती इम्प्लांट शोभेसाठी बसवायलाही पुन्हा परवानगी मिळाली.

या इतिहासातून कंपनीला खलनायक करणारे आहेत, आणि तक्रार करणाऱ्या बायकांना भ्रमिष्ट ठरवणारेही आहेत. मला दोन्ही मान्य नाही. मोठा आजार होतो हे सिद्ध झालं नाही, हे खरंच. पण सुरक्षिततेचा पुरावा कुणी मागितला नाही आणि त्या मधल्या तीस वर्षांत वस्तू बायकांच्या अंगात जात राहिली, हेही तितकंच खरं. आत घालताना पुरावा लागला नाही. बाहेर काढायला निघालेल्या बाईकडेच तो मागितला जातो.

फ्रान्समध्ये तर सरळ फसवणूक झाली. दक्षिणेकडच्या ला सेन-सुर-मेर गावात ज्याँ-क्लोद मास नावाच्या माणसाची पीआयपी ही कंपनी वैद्यकीय मान्यता नसलेलं, कारखान्यांसाठीचं सिलिकॉन इम्प्लांटमध्ये भरत होती. २०१०मध्ये तपासणी होऊन कंपनीला टाळं लागलं. एकट्या फ्रान्समध्ये सुमारे ३०,००० बायकांच्या अंगात ती इम्प्लांट होती. २०११च्या डिसेंबरात फ्रेंच सरकारने त्यांना सांगितलं की लक्षणं नसली तरी खबरदारी म्हणून ती काढून घ्या. ब्रिटनच्या तज्ज्ञांना सरसकट सगळ्यांची काढायची गरज वाटली नाही. तरीही तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने एक गोष्ट केली, जी मला फार मोलाची वाटते. डॉक्टरशी बोलल्यानंतर बाईला ती काढून हवी असेल तर आम्ही काढून देऊ, असं त्यांनी जाहीर केलं. अंगात नकोशी वस्तू घेऊन रोज धास्तीत जगणं हेदेखील त्यांनी त्रासात धरलं.

माझा त्रास कशाचा होता, हे मला कधीच नीट सांगता आलं नाही. थकवा होता. दुपारी वर्गात शिकवताना पुढचा शब्द आठवेनासा व्हायचा. बोटांचे सांधे सकाळी आखडायचे, डोळे कोरडे पडायचे. थायरॉइड तपासलं, ते ठीक होतं. डी व्हिटॅमिन आणि बी-१२ कमी निघालं, पण ते आपल्याकडे निम्म्या घरांत निघतं. आधी टॅमॉक्सिफेन आणि मग लेट्रोझोल चालू होतं, आणि लेट्रोझोलने सांधे दुखतात हे सर्वांना माहीत आहे. केमोथेरपीमुळे पाळी अकाली गेली होती, तिचाही हिस्सा असणार. याच लक्षणांची यादी अनेक देशांतल्या बायका 'ब्रेस्ट इम्प्लांट इलनेस' या नावाखाली सांगतात. त्याचं निदान करणारी चाचणी नाही. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये एफडीएने इम्प्लांटच्या माहितीपत्रकात चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला, तेव्हा त्यात या लक्षणांचाही उल्लेख आला: काही रुग्णांनी असे त्रास सांगितले आहेत, आणि काढल्यावर काहींना आराम पडला आहे. इम्प्लांट जन्मभर टिकणारी वस्तू नाही आणि जितकी वर्षं ती अंगात राहते तितकी गुंतागुंत होण्याची शक्यता वाढते, हेही त्याच इशाऱ्यात आहे. शोभेसाठी बसवून घेणाऱ्या बायकांपैकी पाचातल्या एकीला आठ ते दहा वर्षांत ती काढावी लागतात. मला हे कुणी लपवून ठेवलं नव्हतं. गाठ निघालेल्या बाईला दहा वर्षांनंतरचं सांगितलं तरी ते ऐकू येत नाही.

घरात बोलणं काढलं तेव्हा नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझ्यासाठी ठेवू नकोस आणि माझ्यासाठी काढूही नकोस." मुलगी आता मोठी झाली आहे. तिला ऑपरेशनची भीती वाटत होती, आणि ती तिने लपवली नाही. सगळ्यांत जास्त विरोध केला तो सांगलीच्या आत्याने. ऐंशीच्या दशकात मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये तिचा स्तन काढला. तिला पुढचं काही कुणी विचारलंही नाही. मांजरपाटाची पिशवी शिवून ती त्यात कापूस भरायची आणि वजन यावं म्हणून मधे मोहरी घालायची. पावसाळ्यात मोहरीला कुबट वास येतो, म्हणून तेव्हा ती लवकर बदलायची. आम्हा मुलांना ती पिशवी दोरीवर वाळताना दिसली, तर ती छोटी उशी आहे असं सांगितलं जायचं.

"अगं, बसलंय ते बसू दे की," आत्या फोनवर म्हणाली. "माझ्या वेळी हे असतं आणि परवडलं असतं, तर मी घेतलं असतं. तुला मिळालंय तर तू काढायला निघालीस."

मला तिला उत्तर देता आलं नाही. तिला जे मिळालं नाही ते मी टाकत होते, आणि ते टाकायला माझ्यापाशी सांगण्यासारखा आजार नव्हता. एमआरआय झाला होता. इम्प्लांट फाटलेलं नव्हतं, द्रव साचलेला नव्हता. कागदावर सगळं ठीक होतं. पण मला ते नको झालं होतं. त्याचं काम झालं होतं. माझ्या वाईट वर्षांत त्याने मला साथ दिली, आणि आता ते मला एका बाजूला ओढत होतं. अंगात असलेल्या वस्तूबद्दल एवढं वाटणं पुरेसं असायला हवं, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

सर्जननी शांतपणे ऐकून घेतलं. काढल्यावर थकवा जाईल अशी खात्री देता येणार नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं, आणि त्यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. कारण या भीतीचाही बाजार झाला आहे. आवरणासकट सगळं एकसंध, न उघडता काढलं नाही तर विष आत राहतं, असं छातीठोक सांगणारे पुष्कळ आहेत. लिम्फोमा असेल तर तसं काढणं गरजेचं असतं. इतर वेळी आवरण फासळ्यांना घट्ट चिकटलेलं असलं तर ते ओढून काढताना फुफ्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते. लक्षणांना पडणारा आराम आवरण किती काढलं यावर अवलंबून असतो, असंही दिसलेलं नाही. घाबरलेल्या बाईला जास्त मोठं ऑपरेशन विकणं हे मला अक्षम्य वाटतं.

मी दोन गोष्टी मागितल्या. आवरण, आणि द्रव निघाला तर तोही, तपासायला पाठवायचं. आणि छाती सपाट, नीट शिवायची. पुढेमागे मन बदललं तर असावी म्हणून जास्तीची त्वचा सोडायची नाही. दुसरी मागणी ऐकून त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

मग फॉर्म आला. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आपल्याकडे विम्यात बसत नाही. अपघात, भाजणं आणि कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना बसते. घडवणं बसतं, पण घडवलेलं काढणं कुठे बसवायचं? टेबलावरची मुलगी भली होती. "ताई, नुसती पेशंटची इच्छा लिहिली तर क्लेम रिजेक्ट होईल," ती हळू आवाजात म्हणाली. सर्जननी मला पुन्हा तपासलं. "कडकपणा वाढलाय, मॅडम. तिसरी पायरी लिहितो. खोटं नाही ते." त्यांनी तसं लिहिलं, आणि क्लेम पासही झाला. जी अजून पहिल्या-दुसऱ्या पायरीवर आहे आणि जिला फक्त नको आहे, तिने त्या रकान्यात काय लिहावं? पदरचे पैसे भरू शकणारी काढून घेईल. बाकीच्या जणी दुखणं वाढायची वाट बघतील.

ऑपरेशननंतर आलेला पॅथॉलॉजीचा रिपोर्ट एका पानाचा होता. लिम्फोमा नाही, कॅन्सर नाही, इम्प्लांट अखंड. पुरावा मागणाऱ्यांच्या हिशेबाने माझं ऑपरेशन विनाकारण झालं. पण डावा हात आता फळीपर्यंत पोचतो. मी दोन्ही कुशींवर झोपते. थकवा थोडा उतरला आहे. तो सिलिकॉन गेल्यामुळे उतरला की लेट्रोझोल संपल्यामुळे, ते मला सांगता येणार नाही. गुडघे दुखतातच. छातीवर आडवा व्रण आहे, त्याच्याभोवती बोट फिरवलं तर अर्ध्या भागात कळतं, अर्ध्या भागात नाही.

घरी आणि शाळेत मी तशीच, सपाट वावरते. लग्नकार्यात काठपदराची साडी नेसायची असली तर ब्लाउजमध्ये घालायला सिलिकॉनचा एक पॅड घेतला आहे. गेल्या दिवाळीत सांगलीला गेले तेव्हा आत्याने तो हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला, तळहातावर तोलला, उंबऱ्यापर्यंत जाऊन उजेडात धरला. मग म्हणाली, "पुढच्या वेळी मलाही एक आण. पण याहून जड बघ. हलकं असलं की वर चढतं."